हुकमी काटा

मला एकच काता येतो, ही बातमी आता आमच्या सोसायटीत सी विंगपर्यंत पोचली आहे. माझ्या मुलीला सात येतात. ती 11 वर्षांची आहे आणि तिचा पट्टा तपकिरी. मी 47 वर्षांचा आहे आणि माझा पिवळा. कराटेच्या क्लासात उंचीप्रमाणे रांग लागत नाही, पट्ट्याप्रमाणे लागते. त्यामुळे दर शनिवारी-रविवारी सकाळी साडेसहाला भोसरीतल्या एका पटांगणात दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या ओळीत मधेच विजेचा खांब रोवावा तसा मी उभा असतो. समोरून माझीच मुलगी येते, माझ्या पायांकडे बघते आणि म्हणते, "काका, गुडघा अजून वाकवा."

क्लासात बाबा म्हणायचं नाही, हा नियम तिनंच केला. "सगळ्यांना कळेल ना," असं कारणही दिलं.

काता म्हणजे समोर कुणी नसताना करायची मारामारी. माणसं अंगावर येतायत असं धरून चालायचं आणि हाणत सुटायचं. क्रम ठरलेला, पावलं ठरलेली, ओरडायची जागासुद्धा ठरलेली. कागदावर तो 'काता' असला तरी भोसरीत सगळे 'काटा'च म्हणतात. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्या काकांना मी एकदा अभिमानानं सांगितलं, की दोन वर्षं मी एकच काटा धरून आहे. ते म्हणाले, "एकात कसं भागतं तुमचं? आमच्या नेहमीच्या काट्यावर रांग असली की आम्ही सरळ मोशीचा धरतो." त्यांना वजनकाटा वाटला होता. दिवसाला किती गाड्या होतात, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बऱ्यापैकी.

मी या फंदात पडलो तो कट्ट्यावर बसून. मुलीला सोडायचं, तासभर कट्ट्यावर बसायचं, चहा प्यायचा, परत आणायचं, असं छान चाललं होतं. एक दिवस सर म्हणाले, "नुसतं बसून काय करता, आत या. पालकांना निम्मी फी आहे." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या साखरेचा आकडा बघून भुवया वर केल्या होत्या. घरी मी आरोग्य, शिस्त, स्वसंरक्षण असं बरंच काही बोललो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निम्मी फी आहे, म्हणूनच ना?"

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या पट्ट्यात जपानी शब्दांचं कुणाला भय नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे फाइव्ह एसचे पाच मंत्र मी झोपेत म्हणू शकतो. काइझेन, कानबान, पोका-योके हे शब्द तर इथल्या पोराटोरांच्याही कानावरून गेलेले असतात. त्यामुळे सरांनी पहिल्या दिवशी 'गेदान बाराई' म्हटलं, तेव्हा मला वाटलं कंपनीत नवीन ऑडिट येतंय.

कात्यांची नावं मात्र घरात घोटाळा करून गेली. शोतोकान पद्धतीत सुरुवातीला हेइआन नावाचे पाच काते शिकवतात. हेइआन शोदान, हेइआन निदान, सानदान, योनदान आणि गोदान. मुलगी एका संध्याकाळी आजीला म्हणाली, "आजी, उद्या माझं गोदान आहे." आईनं हातातली गवार खाली ठेवली आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं रे?" मी समजावून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग तू कितव्यावर आहेस?" मी म्हटलं, पहिलाच चालू आहे. "निदान निदान तरी कर," असं ती म्हणाली, आणि आपण काय विनोद केला हे तिला अजून माहीत नाही.

क्लासाची रीत अशी, की दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेला नवा काता, कात्याला नवा पट्टा आणि पट्ट्याला फ्रेम करण्याजोगं प्रमाणपत्र. कट्ट्यावरच्या पालकांचं यावर बारीक लक्ष. "सर, त्या निगडीच्या क्लासात म्हणे चौथा काता सुरू झाला. आपला पोर्शन मागे नाही ना?" सर बिचारे म्हणायचे, "होईल, होईल, दिवाळीच्या आधी संपवू." मला आधी वाटायचं की ही पोर्शनची हौस आपलीच. पण नाही. ओकिनावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू आंको नावाच्या गुरुजींनी कराटे शाळांमध्ये नेलं आणि शाळकरी मुलांना झेपावेत म्हणून हे पाच काते बांधले. त्यांचं नाव तेव्हा पिनआन होतं. म्हणजे ती पहिल्यापासूनच क्रमिक पुस्तकं आहेत. भोसरीच्या पालकांना उगाच बोल लावू नये.

पिवळ्या पट्ट्यासाठी मी हेइआन शोदान केला होता. परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि आठवडाभरात मी तो साफ विसरलो. बारावीच्या केमिस्ट्रीचं झालं तेच. म्हणून तो मी मोजत नाही. शिवाय घरी सराव करायचा म्हटलं तर हेइआनला पुढे-मागे जागा लागते. आमचा हॉल असा आहे, की तिसऱ्या ठोशाला टीव्ही येतो आणि वळून परत निघालं की चौथ्याला आई. आई टीव्ही बघत असते.

अशा वेळी मुलगी तेक्की शोदान करताना दिसली. हा सहावा काता. यात माणूस पुढे जातच नाही. एका रेषेत उजवीकडे चार पावलं, डावीकडे चार पावलं, खेकड्यासारखा. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं. स्वयंपाकघर ते बेडरूम ही आमची बोळ मोजून नऊ फूट. तेक्की तीत चपखल बसतो. लोक गुरू बघून काता निवडतात, मी कार्पेट एरिया बघून निवडला. आणि अरुंद जागेत पाय रोवून राहण्याचं कौतुक चाकणला नोकरी करणाऱ्या माणसाला कुणी सांगू नये. तिथल्या संग्रामदुर्गासारख्या लहानशा भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शायिस्ताखानाची अफाट फौज पन्नासहून अधिक दिवस थोपवून धरली होती. माझ्याकडे बोळ होती आणि समोर फक्त फ्रिज होता.

तेक्की या शब्दातली अक्षरं म्हणजे लोखंड आणि घोडेस्वारी. मला हे फारच आवडलं. आख्खा आकुर्डी-चाकण पट्टा लोखंडी घोडे बनवण्यावर जगतो, त्यात एक माझाही.

मग मी वाचायला लागलो. वाचन हा कराटेतला सगळ्यात कमी दुखणारा भाग आहे. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावातले शाळामास्तर. जन्म 1868 चा. 1922 मध्ये त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक केलं आणि मग जपानभर ते पसरलं. या माणसानं तेक्कीचे तीन काते शिकायला दहा वर्षं घातली. दहा! आमच्याकडे दहा वर्षांत माणूस काळा पट्टा मिळवून, क्लास काढून, तो बंद करून, इस्टेट एजंट झालेला असतो. जुन्या ओकिनावात म्हणच होती, एका कात्याला तीन वर्षं. गुरू ओट्यावर ताठ बसायचे आणि रात्रीच्या अंधारात फुनाकोशी अंगणात तोच तो काता करायचे. गुरू फक्त म्हणायचे, पुन्हा. रोज रात्री कंदील घेऊन मास्तर जातात कुठं, याची शेजाऱ्यांत चर्चा झाली, आणि काहींनी ठरवून टाकलं की मास्तरांचा पाय घसरलाय. हे मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्याबद्दल कुणाला तसं वाटणार नाही. आवाज सगळ्या बिल्डिंगला येतो."

आवाज येतो, हे खरं होतं. तेक्कीत एक पाय उचलून धाडकन जमिनीवर आपटायचा असतो. पहिल्या पाळीची बस गाठायची म्हणून मी सराव पहाटे पाचला करायचो. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. आठव्या दिवशी खालच्या मावशी डबा घेऊन दारात. "वहिनी, रोज पहाटे मसाला कुटता, फार चांगलं. गिरणीच्या मसाल्याला ती चव नाही. आम्हालाही अर्धा किलो द्याल का?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. नंतर आम्ही चिंचवडच्या बाजारातून अर्धा किलो कांदा-लसूण मसाला विकत आणून मावशींना दिला. घरचा म्हणून त्यांना तो फार आवडला. दर दोन महिन्यांनी आणावा लागतो.

तर एकच काता धरायचा आणि त्याच्या मुळाशी जायचं, हे ठरलं. जपानी भाषेत याला बुंकाई म्हणतात. शब्दाचा अर्थ फोडून, सुटं करून बघणं. यंत्र उघडण्यालाही तोच शब्द. म्हणजे परत आलेल्या मालाचं आम्ही जे करतो ते. क्वालिटीच्या माणसाला यापेक्षा सोपं काय? मी वही घेतली आणि व्हाय-व्हाय अॅनालिसिस सुरू केलं. यात पाच वेळा 'का' विचारायचं असतं, की मूळ कारण हाती लागतं.

"सर, एक हात मारतो तेव्हा दुसरा कमरेला का ओढायचा?"

"पॉवर येते."

"का?"

"करून बघा, येते."

"पण समोरच्याच्या दृष्टीनं त्या हाताचं काम काय?"

"आमच्या सरांनी असंच शिकवलंय."

"त्यांना कुणी शिकवलं?"

"त्यांच्या सरांनी." मग सरांनी घड्याळ बघितलं. "काका, मागे ग्रीन बेल्टवाले थांबलेत."

पाच 'का' संपले आणि मूळ कारण जपानमध्ये निघालं. यात सरांची चूक नाही. आमच्या कंपनीत कुठल्याही बिघाडाला पाच 'का' विचारले, की शेवटी एकच उत्तर येतं, 'ऑपरेटरचे दुर्लक्ष', आणि त्यावर एकच उपाय, 'संबंधितास पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले'. हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा लिहिलंय, की उद्या धरण फुटलं तरी माझ्या हातून तेच लिहिलं जाईल.

बुंकाईला जोडीदार लागतो. आधी मी बायकोला म्हटलं, "जरा कॉलर धर."

"दूध ठेवलंय गॅसवर."

"दोन मिनिटं. उजव्या हातानं धर, आणि धरून तशीच उभी राहा."

तिनं डाव्या हातानं धरली. मी म्हटलं, उजव्या. ती म्हणाली, "चोर काय तुम्हाला विचारून धरणार आहे का?" एवढ्यात दूध उतू गेलं. या प्रश्नानं मात्र माझी झोप उडाली. कारण सगळ्या प्रात्यक्षिकांमध्ये हेच असतं. हल्लेखोर एक पाऊल टाकतो, एक ठोसा मारतो, आणि मग हात तसाच पुढे ठेवून बस स्टॉपच्या खांबासारखा थांबतो. समोरचा तोवर त्याला अडवतो, कोपर मारतो, लाथ मारतो, वळून नमस्कारही करतो. इतका सोशिक गुंड आख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडायचा नाही.

म्हणून मी कंपनीत एक गुंड बघितला. पॅकिंगमधला सांगलीकडचा तगडा पोरगा. चहाच्या सुट्टीत त्याला बिनांच्या रॅकमागे नेलं आणि म्हटलं, धर कॉलर, जोरात.

"नको ना साहेब."

"अरे धर. मी सांगतोय ना."

त्यानं चिमटीत धरली, देवाचा हार धरावा तशी. मी लोखंडी घोड्यावर बसलो, पाय आपटला, कोपर फिरवलं. पोरगा मूळचा मर्यादशील. साहेबाचा हात आपल्याला लागायला नको, साहेबाला वाईट वाटेल, म्हणून तो मागे सरकला. माझं कोपर रॅकवर बसलं. वरून रिकामी बिनं आली. समोरून सेफ्टीवाले आले.

फॉर्म भरला गेला. 'घटनेच्या वेळी काय काम चालू होते?' मी लिहिलं, तेक्की. सेफ्टीवाल्यानं विचारलं, "ही कुठल्या लाइनवर आहे?" मी म्हटलं, सरळ लाइनवरच असते, उजवीकडे चार, डावीकडे चार. त्यानं पेन खाली ठेवलं. शेवटी तो प्रकार 'निअर मिस' म्हणून नोंदला गेला. खालच्या रकान्यात उपाययोजना होती: संबंधितास पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले.

प्रशिक्षण खरोखरच मिळालं, पण ते कंपनीत नाही. आमच्या पटांगणाशेजारच्या चहाच्या टपरीवर एक अण्णा बसतात. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यातच संपलेली. भोसरीत असा माणूस दिसला की तो कुणाच्या तालमीतला, एवढंच विचारायचं असतं. सुजलेलं कोपर घेऊन मी पटांगणाच्या कोपऱ्यात तेक्की करत होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"काय चाललंय रे?"

"काता आहे, अण्णा."

"कुणासंगं?"

"एकट्यानंच करायचा असतो."

"मंग जिंकतो कोण?"

याला उत्तर नव्हतं. मी पुन्हा करून दाखवला. तेक्कीत एक जागा अशी आहे, की एक हात बाजूला उघडा करायचा आणि दुसऱ्या हाताचं कोपर फिरवून आपल्याच त्या तळव्यावर दाणकन मारायचं. दोन वर्षं मी इमानदारीनं स्वतःच्या तळहाताला मारत होतो. अण्णांनी कप खाली ठेवला.

"सोताच्या हातावर का मारतोय?"

"तसंच आहे त्यात."

"आरं येड्या, तिथं मान असती."

असं म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि माझी मान मागून धरली. सत्तर वर्षांच्या माणसाचा तो पंजा होता की आमच्या प्रेस शॉपची क्लँप, मला सांगता येणार नाही. डोकं खाली ओढलं आणि दुसरं कोपर माझ्या कानशिलापाशी अलगद आणून ठेवलं. अलगद आणलं म्हणून मी आज हे लिहितोय.

"आणि त्यो हात कमरंला काय रिकामा न्हेतोय? कायतरी धरून आणायचं. बाजारातनं रिकाम्या हातानं येतोस का घरी?"

जे पाच 'का' विचारून निघालं नव्हतं ते एका पिशवीत निघालं. कमरेकडे येणारा हात समोरच्याचं मनगट नाहीतर बाही धरून येतो. मग तो जवळ ओढला जातो, आणि मारायचा हात तिथं वाट बघत असतोच. मी वहीत लिहायला लागलो तेव्हा अण्णा म्हणाले, "लिवून काय हुतंय?"

मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला डाव किती येतात?"

"येतात समदे. लागतो एकच. माझी ढाक. जत्रंत पोरांनासुदिक म्हाईत असायचं, ह्यो ढाक मारणार. समोरच्यालाबी म्हाईत असायचं." चहाचा घोट. "तरी लागायची."

ओकिनावातही असाच एक गडी होता. मोतोबू चोकी. हा फुनाकोशींच्या वयाचाच, पण वृत्तीनं आमच्या अण्णांच्या जवळचा. अंगानं दणकट असून इतका चपळ, की लोक त्याला माकड म्हणायचे. त्याचा लाडका काता हाच, नाइहांची. तेक्कीचं जुनं नाव ते. पन्नाशीला आलेल्या या गड्यानं क्योतोत एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवलं. 'किंगु' या जपानी मासिकानं 1925 मध्ये ती हकिकत मोठी करून छापली, आणि सोबतच्या चित्रात चेहरा काढला फुनाकोशींचा! एकानं आयुष्यभर एक काता घासून माणूस पाडला आणि फोटो दुसऱ्याचा आला. गणेशमंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे दुःख समजेल.

मोतोबूचं म्हणणं असं, की नाइहांचीत पाय जसे ठेवतो, तेच थोडे डावी-उजवीकडे वळवले की खऱ्या मारामारीतलं उभं राहणं मिळतं. हे मी कंपनीच्या बसमध्ये करून बघितलं. भोसरीहून सहा दहाला निघणारी बस. सीट मिळत नाही. मी मधल्या वाटेत खिडकीकडे तोंड करून लोखंडी घोड्यावर बसलो, दांडा न धरता. लोक आधी हसले. मोशी गेलं, चिंबळी फाटा गेला. कुरुळीजवळ एक टेम्पो आडवा आला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. उभे होते ते सगळे पुढे गेले. स्टोअरचे कुलकर्णी ड्रायव्हरपाशी पोचले. मी जागचा हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कराटे कामाला आलं, आणि तेही बत्तीस साक्षीदारांसमोर. फक्त हातातला डबा कमरेला न ओढता तसाच राहिला होता, तो सुटून पुढच्या माणसाच्या मांडीवर गेला. झाकण निघालं. शेवग्याची आमटी होती.

यश डोक्यात जातं ते असं. त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा बस चुकली म्हणून मी स्कूटर काढली. संध्याकाळी चाकणचा तळेगाव चौक. ज्यांनी तो सुटीच्या वेळी पाहिलाय त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, कांद्याच्या पिकअप आणि आपण. तेवढ्यात मागून एका पोरानं बाइक माझ्या मडगार्डला ठोकली. मी उतरलो. तोही उतरला. मी काहीतरी बोललो, त्यात 'डोळे' आणि 'फुटले' हे शब्द होते. तो माझ्याकडे चालत आला आणि त्यानं हात पुढे केला. उजवा हात. माझ्या कॉलरच्या दिशेनं.

दोन वर्षं मी या हाताची वाट बघत होतो. इतोसू गुरुजींनी 1908 च्या पत्रात लिहून ठेवलंय, की सराव करताना रणांगणावर असल्यासारखं असावं, डोळे वटारलेले, खांदे खाली. माझे ऑडिटच्या आठवड्यात तसेच असतात. मी डोळे वटारले. खांदे सोडले. पाय फाकवले, गुडघे वाकवले, खाली बसलो. एक हात कमरेला.

पोरगा थांबला. चेहरा उतरला त्याचा.

"काका, पाय लचकला का?"

मी काही बोललो नाही. अशा वेळी श्वास पोटात ठेवायचा असतो.

"अरे, ये रे इकडे! काकांना चमक भरली!" त्याचा मित्र आला. दोघांनी दोन बाजूंनी मला उचललं. तेक्कीत दोन बाजूंनी येणाऱ्या माणसांचा विचार केलेला आहे, पण काखेत हात घालून अलगद उचलणाऱ्यांचा नाही. मला दुभाजकावर बसवलं. एका भाजीवालीनं पाणी दिलं. कुणीतरी विचारलं, "शुगर आहे का काका?" मी म्हटलं, आहे. ते खोटं नव्हतं. लिमलेटची गोळी आली. माझी स्कूटर बाजूला लावून झाली, मडगार्ड वाकडं होतं ते त्या पोरानं पायानं दाबून सरळ केलं आणि म्हणाला, "या वयात असा राग धरायचा नाही काका." कराटेत पहिला वार आपला नसतो, असं फुनाकोशी सांगत. दुसराही नसतो, हे मला तळेगाव चौकात कळलं.

मागच्या महिन्यात परीक्षेचे फॉर्म आले. सर म्हणाले, "काका, या वेळी ऑरेंजला बसून टाका. निदान करून घेतो पंधरा दिवसांत." मी म्हटलं, सर, नको. तेक्कीला अजून वर्ष आहे माझं. सरांनी मान हलवली, दाखवा म्हणाले. मी दाखवला. कोपराच्या जागी ते जरा पुढे झाले.

"हा हात असा वळलेला का ठेवलात? आपण उघडा ठेवतो."

"तिथं मान असते, सर."

"कुणी सांगितलं?"

मी टपरीकडे बोट दाखवलं. सर काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी क्लास सुटल्यावर ते टपरीवर अण्णांशेजारी बसलेले दिसले. अण्णांचा एक हात सरांच्या मानेमागे होता आणि सरांचा चहा सांडलेला होता. माझी मुलगी लांबून बघत होती. घरी येताना स्कूटरवर तिनं मागून विचारलं, "बाबा, मला पण तो हात दाखवाल?" पटांगणापासून शंभर मीटरच्या आत ती मला बाबा म्हणाली, म्हणून मी रस्त्यातच स्कूटर थांबवून दाखवला. पाठीमागच्यांनी हॉर्न वाजवले.

खालच्या मावशींचा डबा परवा पुन्हा आलाय. या वेळी एक किलो हवाय, लेकीकडे पाठवायचाय म्हणे. आणि भोसरीहून सहा दहाच्या बसनं चाकणला जाणाऱ्यांना एक विनंती. मधल्या वाटेत पाय फाकवून, डोळे वटारून, घामाघूम झालेला एक माणूस दिसला, तर कृपया उठून सीट देऊ नका. सराव चालू असतो. डबा मात्र धरलात तर बरं.